बसायची जागा

महेबूबचाचा कंदुरीला, पिराच्या नवसाच्या जेवणाला, खुर्ची घेऊन येईल असं आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बोकड आला होता, तांदूळ आला होता, मुलाणी सकाळीच येऊन बोकड कापून गेला होता. पिराच्या लिंबाखाली अम्मीनं जमीन उकरून लांबलचक चूल घातली होती आणि तिच्या कडांना ओल्या मातीचा हात देत ती बसली होती. तेवढ्यात फाट्याकडून चाचा दिसला. डोक्यावर खुर्ची, उलटी, चारी पाय आभाळाकडं.

"शिंगं फुटली बघ तुझ्या चाचाला," रजियाफुफी, माझी आत्या, मला म्हणाली.

मी हसले, पण फुफी हसली नाही. ती लिंबाच्या मुळीवर बसली होती, डावा पाय समोर सरळ टाकून. लहानपणच्या तापानं तिचा गुडघा धरला तो धरलाच. पाय काठीसारखा सरळ राहतो. चालते ती झपाझप, अख्ख्या तेरखेड्यात तिच्याबरोबर चालताना मलाच दम लागतो. फक्त मांडी घालता येत नाही. आणि आमच्या घरावर जे काही आलं होतं ते सगळं या एका मांडीपायी आलं होतं.

फुफी फटाक्यांच्या वाती करते. सुताला दारूची खळ लावायची, ताणायची, वाळवायची, तोडायची. इतकी वर्षं ती हे काम घरी, उंबऱ्यावर बसून करायची. मग नव्या सरकारचा साहेब आला, फटाक्यांचे मालक बंडप्पाशेठ, त्यांचा परवाना पाहिला आणि म्हणाला, घराघरात दारू चालणार नाही, सगळं काम शेडमध्ये. बरोबरच होतं साहेबाचं. दोन घरं सोडून पलीकडची भिंत कशी उडाली ते आम्ही पाहिलेलं आहे. पण शेडमध्ये बायका गुडघ्याला गुडघा लावून मांडी घालून बसतात. फुफीनं पाय पसरला की दोघींची जागा जाते. शेठ एकच वाक्य बोलले, "रजियाला जागा न्हाय." आणि ते वाक्य घरी आणून सांगायचं काम अब्बांवर आलं, कारण अब्बा, म्हणजे पाशामियाँ, त्याच शेडचे मुकादम.

तेव्हापासून घरात मुरुमचं नाव निघायला लागलं. मुरुमला आमच्या नात्यातलं एक मोठं घर आहे. तिथं फुफीनं राहायचं, पोरं सांभाळायची, दोन वेळ जेवायचं. अम्मी हे फार गोड आवाजात सांगायची.

"मी मुरुमला पाव्हणी म्हणून जाईन भाभी," फुफी म्हणायची. "जन्माची पाव्हणी व्हायला न्हाय जायची."

दिवाळीचा माल सुरू व्हायच्या आत काय ते ठरायचं होतं. आणि कंदुरीला शेठ दरवर्षी येतात.

चाचानं खुर्ची खाली ठेवली, घाम पुसला आणि सगळ्यांकडं असं पाहिलं, जसं काही त्यानं तख्तच आणलं आहे. "लोहारा गावच्या सुताराकडनं करून घेतली. मोटारीच्या टपावर बांधून आणली. रजिया, बस."

फुफी बसली. पाय आरामात पुढं गेला, पाठ ताठ झाली. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. खुर्चीला हिरवा रंग होता आणि तो फुफीच्या ओढणीला थोडा लागलासुद्धा.

"आमच्या कचेरीत असल्या खुर्च्या ढिगानं," चाचा मोठ्यानं म्हणाला. चाचा सगळंच मोठ्यानं बोलतो. त्याचा एक कान शेडच्या धडाक्यात पूर्ण गेला आणि दुसरा अर्धा. त्यानंतर तो लोहाऱ्याच्या कचेरीत शिपाई म्हणून चिकटला. "आणि माझ्यासाठी साहेबानं दोरी लावलीय. घंटी मला ऐकू येत न्हाय ना. म्हणून साहेबाच्या टेबलापास्नं माझ्या स्टुलापत्तूर दोरी. साहेबानं ओढली की माझ्या मनगटाला झटका."

हरणाबाई कांदे चिरत बसली होती. ती शेजारची, शेडमध्ये कामाला जाते, आणि तिच्या जिभेला गाव भितं. ती म्हणाली, "आमच्या म्हशीला बी दोरी हाय. ती बी वढली की येती."

सगळे हसले. चाचाला ऐकू आलं नव्हतं, तरी तोही हसला.

फुफीनं त्याच्या चांगल्या कानाकडं तोंड नेलं. "आधीचा साहेब काय म्हणायचा?"

"तो? तो म्हणायचा, बहिरा दारात बसवून काय फायदा. काढायला लई बघितलं. कागद वर जायचा, वरनं सही न होता खाली यायचा. त्याची बदली झाली, हा आला, यानं पहिल्याच हप्त्यात दोरी लावली."

"म्हणजे कान तोच, स्टूल तेच, साहेब बदलला."

"साहेब बदलला," चाचा अभिमानानं म्हणाला.

"आणि सरकारला माणूस काढायला कागद लागतो," फुफी म्हणाली. "शेठला नुसतं 'उद्या येऊ नको' एवढं लागतं."

आता मी आठवीत आहे, आणि आमचे मास्तर म्हणतात की प्रश्न मनात सडवू नये. मी विचारून टाकलं. "अब्बांना बसून करायचं काम मिळालं. चाचाला दोरी मिळाली. मग फुफीलाच का काही नाही?"

अम्मी चुलीकडूनच म्हणाली, "तुझ्या अब्बांची बोटं शेठच्या कामात गेली. रजियाचा पाय घरात गेला. शेठ कशाला बघतील?"

"माझा कान बी त्यांच्याच कामात गेला," चाचा म्हणाला. हे मात्र त्यानं बरोबर ऐकलं होतं. "मला काय दिलं त्यांनी? एक नारळ."

कांदे चिरल्याचा आवाज तेवढा येत होता.

शेवटी अब्बाच बोलले, उजवा हात डाव्या हातात घेऊन. त्या हाताची दोन बोटं नाहीत. "तुझा कान गेला त्या दिवशी शेठ मुरुमच्या बाजारात व्हते. माझी बोटं त्यांच्या पायापाशी पडली. त्यांनी स्वतःचं उपरणं फाडून हात बांधला. त्या उपरण्याला अजून जागतात ते."

"मग माझंच चुकलं," फुफी म्हणाली. "मालकाच्या डोळ्यापुढं पडायला पायजे. माझा पाय अल्लानं मी एकटी असताना नेला."

*

अब्बांनी खुर्चीकडं एकदाच पाहिलं होतं. एकदाच, पण नीट. त्यांच्या मनात त्या वेळी काय आलं ते त्यांनी मला पुढं स्वतः सांगितलं, म्हणून मी लिहू शकते.

बैठकीची फळी खिळ्यांनी ठोकलेली होती. प्रत्येक पायाच्या सांध्यातही खिळा होता, वर रंग फासलेला. ज्या शेडच्या दारात अब्बा रोज बायकांच्या पदराला टोचलेली सुईसुद्धा काढून ठेवायला लावतात, त्या शेडमध्ये ही खुर्ची जाणार नव्हती. चाचानं तिथं उमेदीची वर्षं काढलेली. पण इतके दिवस कचेरीच्या खुर्च्या बघून बघून तो लोखंड विसरला होता.

अब्बा गप्प बसले. त्यांनी हिशेब केला की शेठ खुर्ची बघतील, नाही म्हणतील, आणि विषय मिटेल. आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. बहिणीसाठी बोलले नाहीत असंही कुणी म्हणणार नाही. मुकादमी राहील, रजिया मुरुमला जाईल, आणि दोष खिळ्यांचा.

मी अब्बांवर फार प्रेम करते. तरी हे लिहिलंच पाहिजे.

*

बंडप्पाशेठ दुपारी छकड्यातून आले. स्वच्छ धोतर, कपाळाला भस्म. मटणाच्या पातेल्यांपासून लांब, लिंबाच्या दुसऱ्या अंगाला त्यांच्यासाठी घोंगडी टाकलेली असते. गळ्यात लिंग असलेला माणूस आमच्या कंदुरीचं जेवत नाही, पण पिराचा मलिदा मात्र दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावतो. आमच्या गावात त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही.

ते बसतात न बसतात तोच चाचा खुर्ची घेऊन पुढं. "शेठ, रजियासाठी. तुमचा एक आणा खर्च न्हाय. हिच्यावर बसून काम करंल, पाय बी कुणाच्या मधी येणार न्हाय."

शेठनी खुर्ची आडवी केली. अंगठा पायाच्या सांध्यावरून फिरवला. नखानं रंग खरवडला.

"महेबूब," ते म्हणाले, "माझ्याकडं काम केलंस का दुसऱ्या कुणाकडं?"

"तुमच्याकडंच की, शेठ."

"मग हे काय हाय?"

चाचानं वाकून पाहिलं. मी त्याचा चेहरा पाहत होते. आधी त्याला दिसलं नाही. मग दिसलं.

"लोखंड," शेठ म्हणाले. "माझ्या शेडमध्ये. खिळा ढिला झाला, दगडाला घासला, ठिणगी उडाली, तर बायका वेचायला लागतील मला. कानासंगट डोकं बी गेलं का तुझं?"

खुर्ची उचलून चाचानं बाजूला नेली आणि तिच्याकडं पाठ करून उभा राहिला. इतका वेळ ज्या माणसाचा आवाज शिवारात जात होता त्याची मान खाली गेलेली मला बघवेना.

फुफी मात्र चाचाकडं बघत नव्हती. ती अब्बांकडं बघत होती.

"भाईजान," ती हळू म्हणाली, "तुमी तर रोज दारात सुया काढून घेता. तुमाला दिसलं व्हतं."

अब्बा जमिनीकडं बघायला लागले. तापून फुटलेली चुलीची कड पुन्हा लिंपता लिंपता अम्मीनं मान वर केली आणि नवऱ्याकडं पाहिलं. त्या एका नजरेत अम्मीचं काहीतरी बदललं, असं मला आता वाटतं. फुफीला मुरुमला पाठवायची घाई तिचीच होती, पण हे असं, कुणालातरी पुढं करून, तिला नको होतं.

त्यात हरणाबाई उठली. कांद्याचे हात लुगड्याला पुसत शेठसमोर आली. "व्हय शेठ, पण खुर्ची बिनखिळ्याची असती तर दिली असती का तुमी? हिला खुर्ची, आणि माझी कंबर काय दगडाची हाय? दिवसभर मांडी घालून उठताना भिंत धरावी लागती मला."

शेठना हेच हवं होतं. "ऐक, पाशामियाँ. एकीला वर बसवलं की बाकीच्या खाली बसल्या असं व्हतंय. म्हणून कुणालाच नको."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग शेठ, तुम्ही दुकानात गादीवर का बसता?"

"शरिफा," अब्बा म्हणाले.

पण शेठ माझ्याकडं शांतपणे बघत होते. "मालक हाय म्हणून," ते म्हणाले. "शाळेत जातीस ना? हे बी शिकून घे."

मी गप्प झाले, घाबरून नाही. उत्तर खरं होतं म्हणून. फुफीला तिचा पाय अडवत नव्हता. कोण कुठं बसलं आहे, ते अडवत होतं.

फुफी उठली. मलिद्याचं ताट तिनंच हातात घेतलं. आमच्याकडं एक मानतात: पिराचा मलिदा ओंजळीत असताना 'न्हाय' म्हणू नये. गावात कुणाला उधारीची मुदत वाढवून घ्यायची असली, रुसलेल्या सासऱ्याला मनवायचं असलं, तर ते या घडीची वाट बघतात. शेठनाही हे ठाऊक होतं. त्यांनी ताट येताना पाहिलं, आणि ओंजळ पुढं करावी की नाही याचा विचार करताना मी त्यांना पाहिलं. पण पिरापुढं हात मागं कसा घेणार? त्यांनी ओंजळ केली. फुफीनं मलिदा ठेवला आणि लगेच काही मागितलं नाही. ती आधी हरणाबाईकडं वळली.

"हरणे, तुझी कंबर खरंच दुखती?"

"खोटं कशाला सांगू, पिरापुढं?"

"मग माझी जागा गेल्यानं ती बरी होणार हाय का?"

हरणाबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मला एकटीला वर बसायचं न्हाय," फुफी म्हणाली. "तू माझ्या बाजूला बस. पण खुर्ची चालत न्हाय हे शेठचं बरोबर हाय. लाकडाला खिळा आलाच."

"मातीला कुठं खिळा असतो?"

हे अम्मी म्हणाली. नसीमबी, माझी अम्मी, जी शेठसमोर पदर पुढं ओढून कधी अक्षर काढत नाही. कोपरापर्यंत तिचे हात चिखलानं भरलेले होते आणि ते तिनं आमच्यासमोर धरले होते. "चूल घालतो तसा ओटा घालायचा. भिंतीला लागून. पांढरी माती, भुसा, शेण. गुडघ्याएवढा उंच. समोर हातापुढं दुसरा, त्याच्यावर पाट ठेवायला. बायकांनीच घालायचा. लोखंड न्हाय, सुतार न्हाय."

"भिंत लांब हाय," हरणाबाई म्हणाली, आणि आता ती फुफीच्या बाजूला उभी होती, खरोखरची, खांद्याला खांदा लावून. "एकीपुरता ओटा घालायचा म्हणजे अर्ध्यात का थांबायचं? माती काय कमी हाय?"

"थांबा, थांबा," शेठ म्हणाले. त्यांची ओंजळ तशीच होती. "आधी एक खुर्ची व्हती. आता अख्खी भिंत झाली?"

"शेठ," फुफी म्हणाली, "मेहेरबानी म्हणून नका देऊ. मेहेरबानी माणूस विसरतो, आणि आज भाईजानवर हाय ती उद्या महेबूबवर न्हाय, हे आमच्या घरानं बघितलंय. मला काम करायला जागा लागती. हरणीला लागती. ज्या बाईला पायजे ती वर बसंल, जिला नको ती खाली बसंल. वात तीच निघणार हाय."

लिंबाच्या पानांतून ऊन शेठच्या हातांवर पडलं होतं. मलिद्याचं तूप बोटांतून झिरपत होतं. त्यांनी कपाळाला ओंजळ लावली, घास तोंडात टाकला, सावकाश चावला. सगळ्यांचं जेवण खोळंबलं होतं आणि कुणाला त्याचं काही नव्हतं.

"घाला," ते म्हणाले. "दिवाळीपत्तूर ठिवा. काम मागं पडलं तर फोडून टाकीन. आणि पाशामियाँ, आत काही कमी-जास्त झालं, ओटा ढासळला, बाई पडली, माल सांडला, तर ते माझ्यावर न्हाय. तुझ्यावर. कबूल?"

हा खरा पेच होता. शेठच्या उपरण्याच्या जोरावर मिळालेली मुकादमी अब्बांनी आजवर एकदाही डावावर लावली नव्हती. मी बघत होते. अम्मी बघत होती. चाचासुद्धा वळला होता.

अब्बा पुढं आले. "माझ्यावर," ते म्हणाले. आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, "खिळे मला दिसले व्हते, महेबूब. मी बोलायला पायजे व्हतं."

चाचानं कानाला हात लावला. "काय?"

अब्बांनी ते सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या पंगतीलाही ऐकू गेलं. मला वाटतं, अब्बांना त्यांच्या आयुष्यात यापेक्षा जड काही उचलावं लागलं नसेल.

चाचानं कानावरचा हात काढला. "बरं," तो म्हणाला. "मग आता मटण वाढा. मोटार चुकंल माझी."

*

ओटा घालायला अख्खी गल्ली गेली. बायकांनी पांढरी आणली, भुसा आणला, अम्मीनं चिखल तुडवायला घेतला आणि कुणाचाही हात तिला पसंत पडेना. "हे असं थापटतात का? तव्यावर भाकर हाय का ती?" अब्बांनी धोतर खोचून पाणी घातलं. त्यांच्या तीन बोटांच्या हाताचा ठसा ओल्या मातीत एका ठिकाणी उठला. अम्मी तो सारवायला गेली, तर फुफी म्हणाली, राहू दे भाभी, एवढं तरी त्यांचं राहू दे.

वाळायला वेळ लागला. मग काम सुरू झालं. फुफी सकाळी निघायची तेव्हा मी दारात उभी राहून बघायची. तिच्या चालीत आता जोर होता असं मी लिहिणार होते, पण खरं सांगायचं तर तिची चाल आधीही तशीच होती. बदलली होती ती बघणाऱ्यांची नजर. हरणाबाई तिच्यासाठी कोपऱ्यावर थांबायची आणि उशीर झाला म्हणून शिव्या द्यायची.

शाळा सुटल्यावर एकदा मी अम्मीनं दिलेली भाकर घेऊन शेडवर गेले. वहाणा बाहेर काढल्या, केसातला आकडा अब्बांनी काढून घेतला, मलाही सोडलं नाही. मी उंबऱ्याशीच उभी राहिले. आत उजेडाच्या पट्ट्यात बायका होत्या, काही खाली मांडी घालून, काही भिंतीच्या कडेनं वर. फुफी टोकाला. पाय समोर सरळ, समोरच्या ओट्यावर पाट, बोटं काळी आणि सूत ताणलेलं. तिच्या शेजारची जागा रिकामी होती, हरणाबाई पाणी प्यायला बाहेर गेली होती.

मागच्या दारानं बंडप्पाशेठ फेरीला आले. इकडं तिकडं बघत, कुणाचं सूत बोटानं चाचपत ते फुफीपाशी पोचले, आणि मालकाच्या सवयीनं, काही विचार न करता, त्या रिकाम्या जागी टेकले. बायकांचे हात चालत राहिले, पण बोलणं थांबलं. शेठनी ओट्यावर तळवा थापटला.

"थंड हाय," ते म्हणाले. "बरं हाय."

फुफीनं सूत सोडलं नाही. मानही वर केली नाही.

"शेठ," ती म्हणाली, "ती हरणाबाईची जागा हाय. आली की तिला बसावं लागंल."

अब्बा माझ्या बाजूला दारात उभे होते. त्यांनी माझ्या केसातला आकडा मुठीत घट्ट धरला होता, आणि या वेळी ते जमिनीकडं बघत नव्हते.

हरणाबाई ओलं तोंड पदराला पुसत आत आली आणि ओट्यासमोर उभी राहिली.

शेठ उठले.